पाण्याच्या वाटेनं ठाणं पाहू या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



ठाणेकरांच्या घरी दिवाळीत किंवा मे महिन्याच्या सुट्टीत पाहुणे आले, की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास निघतो. ‘मग, तुमच्या ठाण्यात पाहण्यासारखं काय आहे?’ यजमान जरा घुटमळतात आणि म्हणतात, ‘ठाण्यात तसं काही नाही हो. आपण मुंबईला जाऊ. गेटवे, म्युझियम, राणीची बाग...’ आणि पाहुणे लोकल पकडून चौतीस किलोमीटरवरच्या दुसऱ्याच शहरात फिरायला जातात. कल्याण-डोंबिवलीकरांची गतही वेगळी नाही. आपलं गाव म्हणजे सकाळी सोडायचं आणि रात्री परत येऊन झोपायचं ठिकाण, असं आपण स्वतःच ठरवून टाकलं आहे.

गंमत अशी, की हीच मंडळी पैसे साठवून उदयपूरला जातात. कशाला? तलाव पाहायला. कोल्हापूरला गेली की संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खातात. भोपाळचा मोठा तलाव पाहून ‘काय सुंदर शहर आहे!’ म्हणतात. आणि ज्या शहराचं बिरुदच ‘तलावांचं शहर’ आहे, त्या ठाण्यातल्या माणसाला पाच तलावांची नावं विचारा. मासुंदा म्हणजे तलावपाळी सांगेल, उपवन सांगेल, फार तर कचराळी. चौथ्या नावाला गाडी अडते.

आज मला तुम्हाला ठाणं दाखवायचं आहे, ते पाण्याच्या वाटेनं. तलाव, खाडी, नदी असं एकेक पाणी धरून चालत गेलं, तर ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा हजार वर्षांचा इतिहास एका सुट्टीत पाहून होतो. त्याला फार पैसे लागत नाहीत. पायात चांगली चप्पल, खांद्यावर पाण्याची बाटली आणि थोडं कुतूहल एवढं पुरे.

पण आधी एक साधा प्रश्न. ठाण्यात इतके तलाव आले कुठून?

नकाशा डोळ्यांसमोर आणा. ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर, पूर्वेला खाडी. मधली जी सखल पट्टी, तिच्यात हे शहर वसलं. पाऊस भरपूर, वर्षाला सरासरी शंभर इंचांच्या आसपास. पण तो सारा चार महिन्यांत कोसळणार, डोंगरावरून धावत येणार आणि खाडीला मिळणार. खाडीचं पाणी खारं. म्हणजे पावसाळ्यात पाणीच पाणी, आणि होळी झाली की प्यायला घोटभर गोडं पाणी मिळण्याची मारामार. तेव्हा डोंगरावरून उतरणारं पाणी वाटेत अडवायचं, खोलगट जागा आणखी खणायची, बांध घालायचा आणि आठ महिने ते पाणी पुरवून वापरायचं, हाच शहाणपणाचा मार्ग होता. आपले तलाव शोभेसाठी झाले नाहीत. ते पिण्यासाठी, गुरांसाठी, भाजीच्या मळ्यांसाठी, धुण्यासाठी झाले. ज्या गावाला बंदर आहे, बाजार आहे, राजधानी आहे, त्याला पाणी साठवावंच लागतं.

आणि ठाणं राजधानी होतं बरं का! उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या लेखांत ‘श्रीस्थानक’ असं जे नाव येतं, ते आपलंच ठाणं. नवव्या ते तेराव्या शतकापर्यंत शिलाहारांनी या मुलखावर राज्य केलं. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनातही ‘ताना’ नावाच्या राज्याचा आणि तिथल्या व्यापाराचा उल्लेख आहे. आजही घराचा पाया खणताना किंवा तलावातला गाळ उपसताना या भागात शिलाहारकाळातल्या मूर्ती सापडतात.

तलाव किती? महापालिकेच्या क्षेत्रात पस्तीसच्या आसपास तलाव सांगितले जातात. जुनी माणसं साठ-सत्तरचा आकडा सांगतात. त्यांच्या स्मरणाला थोडी सूट दिली, तरी बरेच तलाव नाहीसे झाले एवढं उघड आहे. ते का गेले आणि बाकीचे का राहिले, हा आजच्या भाषणातला माझा खरा मुद्दा आहे. पण आधी जे आहेत ते पाहून घेऊ.

सुरुवात तलावपाळीपासून करू. ठाणे स्टेशनाबाहेर पश्चिमेला उतरा आणि चालू लागा. दहा-बारा मिनिटांत मासुंदा तलाव येतो. ‘पाळ’ म्हणजे तलावाचा बांध, काठ. नाव मासुंदा, पण ठाणेकरांच्या तोंडी पाळीचंच नाव बसलं. तलावापेक्षा त्याच्या काठाला मान मिळाला, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

काठाशेजारी कौपिनेश्वराचं देऊळ आहे. हे ठाण्याचं ग्रामदैवत. मूळ स्थान शिलाहारकाळातलं मानतात. मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून ठाणं घेतलं आणि त्यानंतर, १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. आतलं शिवलिंग इतकं मोठं आहे, की पहिल्यांदा पाहणारा माणूस क्षणभर थबकतो. एके काळी तलाव आजच्यापेक्षा बराच मोठा होता. आता देऊळ आणि पाणी यांच्यामध्ये रस्ता, रिक्षा आणि बाजार आहे. देवळातून बाहेर पडताना पाणी किती लांब सरकलं आहे, ते सहज पाहा.

याच तलावाच्या परिसरात पोर्तुगीज काळापासूनचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे. आणि काठावर राम गणेश गडकरी रंगायतन. १९७८ मध्ये हे नाट्यगृह उभं राहिलं आणि ठाण्याच्या रसिकांना हक्काचं घर मिळालं. एका बाजूला देऊळ, एका बाजूला चर्च, एका बाजूला नाटक आणि मध्ये पाणी, असं दृश्य आणखी कुठे पाहायला मिळतं, ते आठवून बघा. नाटकाच्या मध्यंतरात वडा खाऊन तलावाकडे तोंड करून उभं राहणं, हा ठाणेकरांच्या संस्कृतीचा भागच आहे.

संध्याकाळी पाळीवर बसा. नावेत बसण्यासाठी हट्ट धरणारी पोरं, कठड्यावर बसलेली निवृत्त मंडळी, भेळेच्या गाड्या, नुकतं लग्न ठरलेली जोडपी. दिवाळीच्या पहिल्या पहाटे तर तलावपाळी आणि राम मारुती रोड इथं तरुण मुलामुलींची एवढी गर्दी होते, की वाहनं बंद ठेवावी लागतात. पाडव्याच्या स्वागतयात्रेचं केंद्रही कौपिनेश्वराचं देऊळच. शहराला आनंद झाला की ते कुठे जातं? आपल्या सर्वांत जुन्या पाण्याकडे.

इथून जवळच आणखी दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक, मराठी ग्रंथसंग्रहालय. १ जून १८९३ रोजी त्याची स्थापना झाली. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे हे त्याचे संस्थापक. ज्या काळात सुशिक्षितांची ग्रंथालयं म्हणजे प्रामुख्यानं इंग्रजी पुस्तकांची, त्या काळात केवळ मराठी ग्रंथ जमवण्यासाठी ठाण्यात संस्था निघाली, ही साधी गोष्ट नाही. पाहुणे आले तर त्यांना तिथं जरूर न्या.

दुसरी गोष्ट म्हणजे ठाण्याचा किल्ला. तो आत जाऊन पाहता येत नाही, कारण तिथं मध्यवर्ती कारागृह आहे. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास तो बांधायला घेतला. तो पुरा व्हायच्या आधीच चिमाजी अप्पांच्या मोहिमेत, १७३७ साली, तो मराठ्यांच्या हाती आला. १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे इथं कैदेत होता आणि १८१६ मध्ये इथूनच निसटला. त्याची कथा मोठी मजेदार सांगतात. पहाऱ्यावर गोरे शिपाई. तटाबाहेर एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता मराठीत गाणी म्हणायचा. पहारेकऱ्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण त्या गाण्यांतच सुटकेचा बेत होता!

याच भिंतींआड १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना नाशिकच्या जॅक्सनवधाच्या खटल्यात फाशी झाली. कान्हेरे तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचे होते. रोज या भिंतीवरून हजारो वाहनं जातात. मुलाला स्कूटरवर मागे बसवून जाताना एकदा तिथं थांबा आणि त्याला ही गोष्ट सांगा. त्याला तिकीट नाही.

आता कचराळीकडे. नावावर जाऊ नका. पाचपाखाडीत महापालिकेच्या मुख्यालयाशेजारचा हा तलाव म्हणजे ठाण्याचा सकाळचा दिवाणखाना आहे. पहाटे साडेपाचपासून माणसं त्याला फेऱ्या मारतात. मधुमेहावरचे उपाय, मुलींची स्थळं, नातवांच्या शाळेचे प्रवेश असे सारे व्यवहार चालता चालता उरकतात. पाणी फार मोठं नाही. पण सभोवती चालायला वाट आहे, सावली आहे, बसायला बाक आहेत. त्यामुळे हा तलाव शेकडो माणसांच्या रोजच्या जगण्यातला झाला आहे.

त्यानंतर उपवन. येऊरच्या डोंगराच्या अगदी पायथ्याशी. पावसाळ्यात डोंगरावर ढग उतरतात तेव्हा, किंवा ऑक्टोबरमधल्या एखाद्या संध्याकाळी सूर्य डोंगराआड जातो तेव्हा इथं या. गेल्या काही वर्षांत इथं कलामहोत्सवही भरू लागला आहे. उपवनावरून वर येऊरला रस्ता जातो. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. लाखोंची वस्ती असलेल्या शहराच्या हद्दीला लागून बिबट्यांचं जंगल आहे, ही गोष्ट जगात फार थोड्या शहरांना सांगता येईल. मात्र तिथं जाताना जंगलाची अदब ठेवा. येऊरमध्ये आदिवासींचे पाडे आहेत. ती त्यांची घरं आहेत, आपली सहलीची जागा नव्हे. रात्रीच्या पार्ट्या, स्पीकर, काचेच्या बाटल्या यांनी जंगलाचं आणि तिथल्या माणसांचं फार नुकसान झालं आहे.

फुलपाखरांची आवड असेल तर घोडबंदर रोडवर ओवळ्याला ओवळेकर वाडी आहे. रविवारी सकाळी कोवळ्या उन्हात तिथं गेलात तर फुलपाखरांसाठी मुद्दाम लावलेली झाडं आणि त्यांच्यावर बागडणारी फुलपाखरं पाहता येतात. कोलशेतला २०२४ मध्ये मोठं सेंट्रल पार्क झालं आहे. लहान मुलं बरोबर असतील तर तिथं अर्धा दिवस सहज जातो.

पण माझी शिफारस अशी, की एक दिवस जरा मागे पडलेल्या तलावांसाठी राखा. रायलादेवी, सिद्धेश्वर, आंबे-घोसाळे, मखमली, हरियाली, कोलबाड, ब्रह्माळा. यांतले काही सुशोभित आहेत, काही चाळींच्या आणि इमारतींच्या दाटीत दडलेले आहेत. रिक्षावाल्याला नाव सांगा. नवा असेल तर तो तुमच्याकडे चमकून पाहील. जुना असेल तर सांगेल, ‘लहानपणी आम्ही तिथं पोहायचो.’ आज साठी ओलांडलेल्या कुणाही मूळ ठाणेकराला विचारा. बहुतेक जण पोहायला तलावातच शिकले आहेत.

आता खाडीकडे वळू. आपल्याला खाडी म्हणजे पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावायची जागा वाटते. पण डिसेंबर ते मे या महिन्यांत याच खाडीत फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, हजारोंच्या संख्येनं उतरतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की त्यावर गुलाबी सडा घातल्यासारखा दिसतो. २०१५ मध्ये ठाणे खाडीच्या काही भागाला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये तिचा समावेश जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. ऐरोलीला वनखात्याचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून भरती-ओहोटीच्या वेळा पाहून नावा सुटतात. जाण्यापूर्वी वेळ विचारून घ्या. रोहित पक्षी आपल्या रविवारप्रमाणे येत नाहीत, ते ओहोटीप्रमाणे येतात.

या खाडीनं ठाण्याला मोठं केलं आणि रेल्वेनं जगाशी जोडलं. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला पोचली. चौदा डबे, चारशेच्या आसपास प्रवासी आणि ओढायला तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान. पुढे खाडीवर पूल झाला आणि १८५४ मध्ये गाडी कल्याणला गेली. तेव्हा आपणही कल्याणची गाडी पकडू.

धीमी लोकल घ्या आणि दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी बसा. कळवा गेलं की उजव्या हाताला पारसिकचा डोंगर लागतो. मुंब्र्याला मान वर केलीत तर उंच कड्याजवळ मुंब्रादेवीचं देऊळ दिसतं. डावीकडे खाडी. रोज या मार्गानं जाणाऱ्या किती जणांनी हा देखावा पाहिला असेल? त्यांना दोष देत नाही. श्वास घ्यायला जागा नाही अशा डब्यात देखावा कोण पाहणार! म्हणून तर म्हणतो, एकदा सुट्टीच्या दिवशी खिडकीत बसून जा.

वाटेत डोंबिवली. इथला फडके रोड म्हणजे डोंबिवलीची तलावपाळीच. पाणी नाही एवढंच. दिवाळीच्या पहाटे इथं अख्खं तरुण डोंबिवली लोटतं. गणेश मंदिर या रस्त्याच्या टोकाला आहे. गुढीपाडव्याच्या ज्या स्वागतयात्रा आज महाराष्ट्रात गावोगावी निघतात, त्यांची सुरुवात १९९० च्या दशकाच्या अखेरीस याच मंदिरापासून झाली. २०१७ मध्ये नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरलं होतं. शिळफाट्याच्या रस्त्यानं गेलात तर खिडकाळीला जुनं शिवमंदिर आणि त्याला लागून तलाव आहे. महादेव आणि तलाव ही जोडी आपल्याकडे सहसा फुटत नाही.

कल्याणला उतरल्यावर आधी काळा तलाव पाहा. याला शेणाळे तलाव असंही जुनं नाव आहे आणि हल्ली भगवा तलाव म्हणतात. विजापूरच्या आदिलशाहीतला म्हणून तो सांगितला जातो. संध्याकाळी सारं कल्याण इथं फिरायला असतं. तिथून दुर्गाडीला जा. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. कल्याणच्या खाडीकाठी दुर्गाडी किल्ला उभा राहिला आणि मराठी आरमाराची पहिली जहाजं या परिसरात बांधली गेली. दुर्गाडीच्या टेकाडावर उभं राहून खाली खाडीकडे पाहिलंत, की डोंगरातला राजा समुद्रावर कसा उतरला, ते पुस्तकापेक्षा लवकर कळतं.

कल्याणच्या सुभेदारवाड्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ठाण्याच्या कौपिनेश्वराचा जीर्णोद्धार करणारे बिवलकर ते याच कल्याणच्या सुभ्याचे. इथलं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८६५ मध्ये, कल्याणच्या जोशींच्या वाड्यात यमुना नावाची मुलगी जन्मली. तीच पुढे डॉ. आनंदीबाई जोशी झाली.

अजून तासभर असेल तर अंबरनाथला जा. तिथलं शिवमंदिर शके ९८२ मधलं, म्हणजे १०६० सालचं. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला लेखच तिथं आहे. भिंतीचा बोटभर भाग कोरीवकामावाचून रिकामा नाही. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खोल जावं लागतं. आणि बाहेर आलात की शेजारून वालधुनी नदी वाहते. ती मात्र पाहवत नाही. कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी तिच्यात मिसळून तिचा नाला झाला आहे. हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराने ज्या पाण्याच्या काठी छिन्नी चालवली, त्या पाण्याकडे पाठ करून आज आपण फोटो काढतो.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. तलाव का गेले आणि काही का राहिले?

तलाव गेले, कारण त्यांचं काम संपलं. घरात नळ आला. आज ठाण्याला भातसा आणि उल्हास या नद्यांचं पाणी मिळतं. कुठल्याही घरात तलावाचा घागरभरही उपयोग उरला नाही. ज्याचं काम संपलं, त्याची देखभाल संपते. आधी गाळ साचतो, मग कोणी राडारोडा टाकतो, मग डास होतात, मग आपणच तक्रार करतो की हा खड्डा बुजवा. आणि जिथं जमिनीला इंचाइंचाचा भाव आहे, तिथं बुजवायला उत्सुक हात कमी नसतात. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या अठरा लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची साडेबारा लाखांच्या घरात होती. त्यानंतर ती कुठे पोचली असेल, ते तुमच्या खिडकीतून दिसतंच आहे.

मग मासुंदा का राहिला? कचराळी का राहिला? सरकारी ठराव, न्यायालयाचे आदेश, कार्यकर्त्यांची धडपड यांचं महत्त्व मी नाकारत नाही. पण या तलावांना एक नवं काम मिळालं. माणसं त्यांच्याकडे रोज येऊ लागली. ज्या काठावर रोज हजार माणसं बसतात, तो काठ गुपचूप बुजवता येत नाही. कोणी एक ट्रक मातीचा ओतला, तर संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा होतो. ज्या तलावाला कोणी पाहायला जात नाही, त्याचं काही झालं तर ते कळणार कोणाला?

ही गोष्ट आपल्यापुरती नाही. अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठी शिकागो हे प्रचंड शहर आहे. १८३६ साली तिथं भूखंड पाडताना सरोवरालगतच्या एका पट्ट्यावर नकाशातच नोंदवून ठेवलं, की ही जागा लोकांची, ती कायम मोकळी राहील. शहर वाढलं, भाव वाढले आणि तिथं इमारती उठवण्याचे बेत सुरू झाले. तेव्हा माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या एका व्यापाऱ्यानं १८९० पासून वीस वर्षं कोर्टात झगडून ती नकाशावरची नोंद खरी करून दाखवली. त्याच्या दुकानाच्या खिडकीतून ती जागा रोज त्याच्या नजरेसमोर होती. लोकांनी तेव्हा त्याला प्रगतीचा शत्रू ठरवलं. आज त्याच मोकळ्या बागेत सारं शिकागो फिरायला जातं.

नुसती गर्दी करून मात्र भागत नाही. तलावावर माणसं जमली की आणखी एक संकट येतं, ते आपल्या प्रेमाचं. आपण माशांना पाव घालतो, निर्माल्य सोडतो. हे सारं पाण्यात कुजतं. त्यावर शेवाळ माजतं. रात्री शेवाळ आणि कुजणारा कचरा मिळून पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि पहाटे मासे मरून वर तरंगतात. मग आपण हळहळतो. गणपतीत ठाणे महापालिका विसर्जनासाठी कृत्रिम तलाव करते, त्याचा उपयोग करा. देव तिथंही तितकाच प्रेमानं जातो.

दुसरं संकट सुशोभीकरणाचं. कठडा बांधला, फरश्या बसवल्या, दिवे लावले, कारंजं उडवलं, की आपल्याला वाटतं तलाव सुधारला. पण डोंगरावरून, आजूबाजूच्या जमिनीवरून जे पावसाचं पाणी तलावात यायचं, ते आता कुठे जातं? पुष्कळदा गटारात. काठ पक्का झाला आणि पाण्याची वाट बंद झाली, तर तो तलाव राहत नाही, मोठा हौद होतो. म्हणून तलाव पाहायला जाल तेव्हा दोन गोष्टी शोधा. पाणी आत कुठून येतं? आणि जास्त झालं की बाहेर कुठे जातं? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत, तर आपल्या नगरसेवकाला विचारा. भर पावसात छत्री घेऊन तलावावर गेलात तर उत्तर स्वतःच दिसेल.

शेवटी थोडं व्यवहाराचं. एका दिवसाची सहल अशी आखा. सकाळी सहाला कचराळीला दोन फेऱ्या. मग तहसील कचेरीजवळ मामलेदार मिसळ. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा. नंतर कौपिनेश्वर, ग्रंथसंग्रहालय, जेलची भिंत. दुपारी लोकलनं कल्याण, काळा तलाव आणि दुर्गाडी. परतताना तलावपाळीला सूर्यास्त, आणि तिकिटं मिळाली तर रात्री रंगायतनात नाटक. दुसरा दिवस मिळाला तर सकाळी येऊर-उपवन आणि हंगाम असेल तर ओहोटी पाहून खाडी. सारा प्रवास लोकल, टीएमटीची बस आणि शेअर रिक्षा यांतून होतो.

आणि घरचे घरीच असाल, पाहुणे नसतील, तर एवढंच करा. तुमच्या घराला सर्वांत जवळचा तलाव कोणता, ते शोधून काढा. त्याचं नाव मुलांना पाठ करून द्या. वर्षातून चार वेळा तिथं जा: ऐन पावसात, दिवाळीनंतर, होळीच्या सुमारास आणि मे महिन्याच्या अखेरीस. दर वेळी त्याच जागी उभं राहून एक फोटो काढा. पाणी किती उतरलं, रंग कसा झाला, काठावर नवीन काय आलं, ते त्या चार फोटोंत दिसेल. पाच वर्षांनी तुमच्याकडे वीस फोटो असतील, आणि त्या तलावाबद्दल कोणत्याही कचेरीत बोलायला उभे राहिलात तर तुमचं म्हणणं कोणी सहज उडवून लावू शकणार नाही.

येत्या रविवारी एक तलाव जरूर पाहून या.